पुलावरचा बिशप

माझ्या नातवंडांनो,

हे मी मराठीत लिहिते आहे, आणि मुद्दाम लिहिते आहे. इंग्रजी मला येतं. मी इंग्रजी साहित्य घेऊन एम.ए. झाले आणि उभं आयुष्य दुसऱ्यांच्या मुलांच्या इंग्रजीतल्या चुका लाल शाईने सुधारल्या. तेव्हा आजीला इंग्रजी जमत नसेल असं कोणी समजू नये. तुमची आई तुम्हाला हे मोठ्याने वाचून दाखवेल. तुम्हाला ऐकून सगळं कळतं, हे मला ठाऊक आहे. उत्तर इंग्रजीत दिलंत तरी चालेल. तुमच्या वयाची असताना तुमची आईही तेच करायची.

आत्ताच का लिहायचं, तेही सांगते. गेल्या रविवारी फोनवर थोरलीने सांगितलं की शाळेची सहल एका जुन्या, छोट्या दगडी देवळात गेली होती. तेराशे वर्षांपूर्वी त्या भागात एक बिशप होऊन गेला, तो नदीच्या पुलावर उभा राहून गाणी म्हणायचा, असं तिच्या टीचरनी सांगितलं. थोरलीने हात वर केला आणि म्हणाली, "माझ्या ममीला त्याचं गाणं येतं." वर्ग हसला. घरी येऊन तिने आईला म्हणायला लावलं, तर आईला दोनच ओळी आठवल्या.

"आजी, बाकीचं पाठव ना. इन इंग्लिश, प्लीज. टीचरला दाखवायचंय."

इंग्रजीत पाठवणार नाही. ते गाणं इंग्रजीत होऊ नये म्हणूनच तर झालं होतं. का, ते क्रमाने सांगते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही दुखानला राहायचो, कतारच्या पश्चिम किनाऱ्यावर. तुमचे आजोबा तेलाच्या कंपनीत पाइपलाइनचं काम पाहायचे. कंपनीची टाउनशिप होती: एकसारखी घरं, क्लब, स्विमिंग पूल, मुलांची शाळा. त्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचे. शुक्रवारी सुट्टी. शुक्रवारी सकाळी आम्ही गाडीने दोहाला निघायचो. एका बाजूला वाळू, दुसऱ्या बाजूला वाळू, मध्ये रस्ता, आणि मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसलेली तुमची आई. शेजारीण विचारायची, "निघालात कुठे?" मी सांगायचे, "देवळात."

शेजारीण पुण्याची, जोशांच्या घरातली असावी तशी सोवळी. पहिल्यांदा ती चकित झाली. "अय्या, इथे देऊळ आहे? मला नेलं नाहीत कधी!" मग मी तिला सांगितलं की आम्ही वसईचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. माझी आजी म्हणायची, तिची आजी म्हणायची. शेजारीण म्हणाली, "मग बरंच आहे की. माझ्यासाठीही एक नमस्कार घाला." पुढे दर शुक्रवारी ती आठवण करायची.

खरं तर तिथे तेव्हा देऊळ नव्हतंच, बांधायला परवानगी नव्हती. दोहातल्या अल हिलाल वस्तीच्या बाजूला एका कंपाउंडमध्ये एक व्हिला होता. बाहेर पाटी नाही, वर क्रॉस नाही, घंटा नाही. मिस्सेची उपासना चालू असताना खिडक्या बंद. खालच्या हॉलमध्ये मिस्सा, आणि ती संपली की वेगवेगळ्या खोल्यांत वेगवेगळ्या भाषांतली प्रार्थना आणि मुलांचं धर्मशिक्षण. मल्याळम आणि इंग्रजीला मोठ्या खोल्या, कोकणीला गच्ची, तामिळला जेवणघर. मराठीला मागची खोली. त्या खोलीत वॉशिंग मशीन होतं, इस्त्रीचं टेबल होतं, आणि फादरांचे धुतलेले झगे दोरीवर वाळत असायचे. त्या झग्यांखाली मान वाकवून आम्ही अर्धा तास माळ ओढत मराठीत रोझरी म्हणायचो. वसईच्या काही नर्सेस, तीन-चार घरं, आणि आमची पोरं. आठवडाभर हिंदी आणि इंग्रजी बोलून जीभ ताठलेली असायची, ती त्या अर्ध्या तासात सैल व्हायची.

धर्मशिक्षणाच्या सगळ्या वर्गांची व्यवस्था एक बाई पाहायच्या. मुंबईच्या होत्या, एका मोठ्या ऑफिसात मॅनेजर. मुलं त्यांना आंटी म्हणायची, मोठी माणसंही आंटीच म्हणायची. बाई कामाच्या होत्या, हे मी आजही नाकारणार नाही. एका शुक्रवारी त्या आमच्या खोलीत आल्या, झगे बाजूला सारले आणि मुलांना इंग्रजीत एक प्रश्न विचारला. मुलांनी इंग्रजीत उत्तर दिलं. मग मला म्हणाल्या, "मॅडम, ये बच्चा लोग तो आपस में भी इंग्लिश बोलता है. मराठी किसके लिए? खोल्या कमी आहेत. पुढच्या महिन्यापासून यांना इंग्लिशच्या वर्गात बसवूया."

"आणि मोठ्यांची रोझरी?" मी विचारलं.

"रोझरी तो गाड़ी में भी हो सकता है ना."

आमच्यातली एक नर्स होती, वसईचीच, दोहाच्या एका इस्पितळात कामाला. मला टीचरबाय म्हणायची. ती दोरीवरचे झगे परत जागेवर ओढत म्हणाली, "आंटी, मग मल्याळमवाल्यांनापण गाडीत बसवा. त्यांच्या गाड्या मोठ्या आहेत."

मी मात्र हसले नाही. मी सरळ सांगितलं, "आम्ही ही खोली सोडणार नाही."

गोष्ट फादरांपर्यंत गेली. फादर थकलेले, भला माणूस. त्यांनी तोडगा काढला. लवकरच सणाचा कार्यक्रम होता. प्रत्येक भाषेच्या मुलांनी एकेका संताचं चरित्र करून दाखवायचं. मराठीच्या मुलांनी ते मराठीत, स्वतःच्या तोंडाने करून दाखवलं तर खोली राहील. नाही तर पुढच्या महिन्यापासून इंग्रजीचा वर्ग आणि मराठी अर्धा तास बंद. मी म्हटलं, "कबूल."

कोणाला कोणता संत, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. आमच्या चिठ्ठीत निघाला तुमचा तो इंग्लंडचा बिशप. सगळा हॉल हसला. आंटी सगळ्यात जास्त.

"टीचर, आता तरी इंग्लिशमध्ये करा! वो तो खुद अंग्रेज था!"

त्यांना माहीत नव्हतं की कॉलेजात जुन्या इंग्रजीचा पेपर मी घेतला होता आणि हा माणूस मला बरा ठाऊक होता.

त्याचं चरित्र असं. तो राजाच्या नात्यातला, इंग्लंडच्या नैर्ऋत्येला वाढलेला. तेव्हा इंग्लंड असा एक देश नव्हता, चार-पाच राजे आपसांत लढत होते. शिकायला तो दूर, इंग्लंडच्याच पूर्व टोकाच्या एका मठात गेला, आणि त्याचा गुरू होता आफ्रिकेहून आलेला. त्या गुरूकडे तो लॅटिन असं शिकला की पुढे स्वतः लिहायला लागल्यावर त्याची वाक्यं सोडवताना भल्याभल्यांना घाम फुटायचा. कोडी रचायचा, तीही लॅटिनमधून. मग तो एका मठाचा प्रमुख झाला. त्याच्या लक्षात आलं की गावातले लोक मिस्सेला येतात आणि ती संपली रे संपली की प्रवचनाला न थांबता घरी पळतात. त्यांना लॅटिन कुठे कळत होतं? मग हा एवढा विद्वान, वाटेवरच्या पुलावर जाऊन उभा राहिला आणि लोकांच्या रोजच्या बोलीत, तमासगीर गातात तशी गाणी गाऊ लागला. लोक थांबले. गर्दी झाली. मग त्याने हळूच गाण्यात देवाच्या गोष्टी घातल्या. म्हातारपणी त्याला बिशप केलं. तो काठी घेऊन पायी पायी खेडी फिरला. एकदा म्हणे त्याने काठी जमिनीत रोवली आणि इतका वेळ प्रवचन केलं की काठीला पालवी फुटली. शेवटी वाटेतच, एका लहानशा लाकडी देवळात त्याने प्राण सोडला.

हे सगळं मी हॉलमध्ये उभी राहून सांगितलं आणि म्हटलं, "देवाची भाषा लॅटिन, असं सगळे मानत होते तेव्हा हा बोलीत गायला. त्याचं चरित्र दुसऱ्याच्या भाषेत करणं मला जमणार नाही. मराठीतच होईल."

"देखते हैं," आंटी म्हणाल्या.

घरी येऊन मी चार ओळी रचल्या. आमच्याकडे लग्नात बायका गातात त्यातली एक चाल घेतली. दुसऱ्या आठवड्यात दुखानच्या घरी तालीम ठेवली. दोहाची घरंही पोरांना घेऊन दोन दिवस राहायला आली. पोरं पाच. बिशप तुमची आई, कारण तिचा आवाज मोठा होता आणि ती वयाने नऊ वर्षांची असली तरी कोणाला घाबरायची नाही. मी त्यांना मराठीत गोष्ट सांगितली. बिशप पुलावर उभा राहतो. लोक पुलावरून चाललेत. तो गातो. कळलं? सगळ्यांनी माना डोलावल्या.

"उद्या तालमीला येताना आपापलं सामान आणा," मी म्हटलं. म्हणजे टोपी, काठी, शाल.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी पोहण्याचा चष्मा घालून आली. दुसरी हाताला फुगवायचे पट्टे बांधून. तुमच्या आईने गळ्यात टॉवेल टाकला होता आणि तोंडात शिटी धरली होती.

"हे काय?"

तुमची आई इंग्रजीत म्हणाली, "मम्मी, बिशप पूलवर उभा आहे ना? मग तो लाइफगार्डच असणार."

आता पाहा. वाळवंटात वाढलेल्या त्या पोरांनी जन्मात नदी पाहिली नव्हती. पूल म्हटलं की त्यांना एकच ठाऊक, क्लबातला निळा, क्लोरीनच्या वासाचा. तिथे उभा राहून गाणारा माणूस त्यांना जरा विचित्र वाटला होता, पण संत असतातच जरा विचित्र, असं त्यांनी समजून घेतलं होतं. मी हसून हसून खुर्चीत बसले. आणि नेमक्या त्याच वेळी आंटी दारात. दुखानला कोणाकडे तरी जेवायला आल्या होत्या, म्हणून तालीम बघायला डोकावल्या. त्यांनी चष्मा पाहिला, पट्टे पाहिले, सगळी गंमत ऐकली, आणि एक शब्द म्हणाल्या.

"देखा?"

मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "मॅडम, 'ब्रिज' बोला ना. बच्चा लोग को समझेगा. आणि ते 'देऊळ'पण काढा. लोकांना मंदिर वाटेल. चर्च बोला. इतना क्या है?"

इतना क्या है. मी कागदावरच्या 'पूल' आणि 'देऊळ' या दोन शब्दांकडे पाहिलं. पूल गेला की ब्रिज येणार, देऊळ गेलं की चर्च येणार, मग बिशप आहेच, मिस्साही त्यांना मास म्हणूनच ठाऊक. चार ओळींत उरणार काय? 'थांब रे' आणि 'कळते'. तेवढ्यासाठी खोली मागायला मलाच लाज वाटली असती.

"शब्द बदलणार नाही," मी म्हटलं. "पूल काय असतो ते मुलांना दाखवीन."

"इथे? वाळवंटात?" असं म्हणून त्या जेवायला गेल्या.

तुमचे आजोबा तोवर पेपरामागे होते. त्यांनी पेपर खाली केला. "चला. सगळे गाडीत बसा."

"कुठे?"

"पुलावर."

टाउनशिपच्या बाहेर रस्त्याला लागून पाइपलाइनी जातात, जमिनीपासून हातभर उंच, एकाला एक लागून, नजर पोचेल तिथपर्यंत. त्या ओलांडायला मध्ये मध्ये लोखंडी पायऱ्या असतात: इकडून चढायचं, वर दोन माणसं उभी राहतील एवढी जाळीची फळी, तिकडून उतरायचं. आजोबांनी गाडी थांबवली आणि तुमच्या आईला वर चढवलं.

"हा पूल. खालून जे वाहतंय त्याच्यावरून पलीकडे जायला बांधतात तो पूल."

तुमच्या आईने खाली वाकून पाहिलं. "खाली काय वाहतंय?"

"तेल."

"म्हणजे तेलाची नदी?"

"तेलाची नदी," आजोबा म्हणाले. "जगातली सगळ्यात महाग नदी. गा आता."

ती गायली. वारा होता, तोंडात वाळू जात होती. बाकीची चौघं पायऱ्या चढून, पुलावरून पळून, पलीकडे उतरून, वळसा घालून परत चढत होती. लोक होऊन घरी पळत होती. कंपनीच्या पहारेकऱ्याची गाडी आली. आता ओरडा बसणार म्हणून मी पदर सावरला. तो पेशावरकडचा मनुष्य काच खाली करून बसून राहिला. त्याला मराठीचा एक शब्द कळत नसणार. गाणं दोनदा झालं, तेव्हा तो म्हणाला, "बस, खलास. उतरो बेटा, लोहा गरम है. यल्ला." आणि गेला.

परतताना गाडीत तुमची आई म्हणाली, "मम्मी, दॅट गार्ड, ही स्टॉप्ड." आजोबा म्हणाले, "मराठीत सांग." ती म्हणाली, "तो थांबला." बास, एवढंच. पण मराठीत सांगायला लावलं म्हणून रडली नाही, कुरकुरली नाही, एवढं माझ्या ध्यानात राहिलं.

कार्यक्रमाच्या शुक्रवारी आमचा नंबर शेवटचा लागला. कोणी लावला ते मी विचारलं नाही. शेवटचा नंबर म्हणजे काय, तर मागे अंगणात बिर्याणीची पातेली उघडलेली, वास हॉलभर पसरलेला, आणि बाहेर गाड्या एकमेकींच्या मागे अडकलेल्या. कोकणीचं नाटक संपायच्या आधीच लोक उठायला लागले. स्टेजवर आम्ही कोणासाठी गाणार होतो?

मी नर्सला म्हटलं, "इस्त्रीचं टेबल आण."

"टीचरबाय, आता इस्त्री?"

"पूल करायचाय. दारात."

आम्ही दोघींनी खोलीतून एक भक्कम बाक काढला, त्याला टेबलाचा आधार दिला आणि तो हॉलच्या दारात आडवा लावला. बाजूने एक माणूस जाईल एवढीच जागा ठेवली. आंटी धावत आल्या. "मॅडम! एक्झिट ब्लॉक कर दिया!"

"ब्लॉक नाही केलं. पूल बांधला," मी म्हटलं. "ज्याला जायचंय त्याला पुलाजवळून जावं लागेल. त्या बिशपनेही हेच केलं होतं."

तुमची आई बाकावर चढली. आजोबांचा पांढरा झब्बा घोट्यापर्यंत, हातात झाडूची काठी. तिने सुरू केलं. पहिली ओळ कोणी ऐकली नाही. दुसरी पुढच्या दोन बायकांनी ऐकली आणि त्या सरकल्या. एक जाडजूड गृहस्थ गाडीची किल्ली बोटात फिरवत, बाकाला ढकलतच बाहेर निघाले. बाक हलला. मला वाटलं, झालं, आता ही उतरेल आणि इंग्रजीत रडेल.

ती उतरली नाही. तिने काठी त्यांच्यापुढे आडवी धरली आणि गाण्याच्याच चालीत, माझ्या कागदावर कुठेच नव्हती अशी ओळ ठणकावून म्हटली:

"थांबा की काका, बिर्याणी कुठं का पळते?"

आधी आमच्या नर्सेस हसल्या. मग कोकणीवाले, त्यांना अर्धं कळलं होतं. बिर्याणी तर सगळ्यांनाच कळली. ते काका थांबले. किल्ली खिशात टाकली आणि हात जोडून म्हणाले, "बरं बाय, गा." ते मराठी बोलणारे निघाले, मुंबईचे, इतकी वर्षं इंग्रजीच्या खोलीत बसत होते. लोक दारात जमले. तिने पहिल्यापासून गाणं म्हटलं, देऊळही म्हटलं, पूलही म्हटला, आणि एकानेही विचारलं नाही की मंदिर का म्हणते. मग बाकीच्या चौघांनी बिशपची गोष्ट मराठीत सांगितली, अडखळत, लिंगं चुकवत. 'त्याची काठीला पान आला' असं एक जण म्हणाली. मी दुरुस्त केलं नाही. लाल शाई घरी ठेवून आले होते.

आंटी माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "वो बिर्याणीवाला लाइन आपने लिखा?"

"नाही. तिची आहे."

त्यांनी बाकाला टेकवलेल्या टेबलाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "खोली ठेवा. पण इस्त्रीचं टेबल जागेवर ठेवा."

खोली राहिली. किल्लीवाले काका पुढच्या शुक्रवारी झग्यांखाली मान वाकवून आमच्यात बसले आणि मग नेहमीच बसत राहिले. पुढे बरीच वर्षं गेली, शहराबाहेर खरंखुरं मोठं देऊळ झालं, अनेक मजल्यांएवढं उंच, गाड्यांना भरपूर जागा. तिथे मराठीला महिन्यातून एकदा वेळ मिळाली. तीही आम्ही भांडूनच घेतली. मग एकेक घर निघून गेलं: कॅनडाला, वसईला, तुमची आई इंग्लंडला. आम्हीही आलो. तो व्हिला पाडला असं नर्सने मागे फोनवर सांगितलं.

थोरले, तुझ्या टीचरना एक गोष्ट सांग. त्या बिशपची अवघड लॅटिन पुस्तकं अजून आहेत, मोठ्या ग्रंथालयांत जपून ठेवलेली. पण पुलावर जे गाणं तो लोकांच्या बोलीत गायला, त्यातली एक ओळ कुठे उरलेली नाही. कोणी लिहूनच घेतली नाही. गायला एवढंच लोकांना माहीत आहे. आपलं गाणं मी तसं होऊ देणार नाही. त्याचा इंग्रजी अर्थ त्यांना हवा असेल तर तू सांग, तुझ्या शब्दांत. पण आधी मराठीत म्हणून दाखव, वर्गात, मोठ्याने. हसू देत.

थांब रे पाव्हण्या, पुलावर थांब,
घर तुझं जवळ, देऊळ तुझं लांब.
चुलीवरची भाकर कुठं का पळते?
आपली बोली देवाला कळते.

तिसऱ्या ओळीत भाकरीच्या जागी बिर्याणी म्हटलीत तरी चालेल. ती तुमच्या आईची आहे.

खोली नाही, व्हिला नाही, बाक नाही. या चार ओळी आहेत, आणि त्या म्हणायला तुम्ही दोघं आहात.